प्रेम वाटत नाही, राग येतो, मग मी कसली ख्रिस्ती?

"मॅडम, मी सगळ्यांचं करते हो, पण मनात प्रेम वाटतच नाही, उलट राग येतो, मग मी कसली ख्रिस्ती?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आज एकीची गोष्ट लिहूनच टाकते. शरणपूर रोडच्या जवळ माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे, आमच्या नाशिकच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, बऱ्याच जणी येतात, पुरुषही येतात पण ते हे तिसऱ्या चौथ्या भेटीत बोलतात, बायका पहिल्याच भेटीत रडून मोकळ्या होतात. जिची गोष्ट सांगतेय तिला विचारून लिहितेय, आणि तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पंचेचाळिशीची बाई. खाजगी शाळेत शिक्षिका, जेल रोडकडे घर, नवरा शिफ्टला जाणारा, मुलगा बारावीला. पहिल्यांदा आली तेव्हा मांडीवर तीन पुडी स्टीलचा डबा घट्ट धरून बसलेली. मी म्हटलं ताई, डबा टेबलावर ठेवा ना, तर म्हणाली नको नको, इथून पुढे द्यायला जायचंय, उशीर होतोय. म्हणजे स्वतःच्या त्रासाबद्दल बोलायला आली तरी डोकं पुढच्या घरी.

डबा जायचा मंडळीतल्याच एका विधवा आजींकडे. मुलगा परदेशात, सून बोलत नाही, आजी दुसऱ्या मजल्यावर एकट्या. आठ महिन्यांपूर्वी आजी बाथरूममध्ये पडल्या तेव्हा पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विचारलं कोण थोडे दिवस जेवण पोचवेल, कोणीच हात वर करेना तेव्हा हिने केला, आणि ते थोडे दिवस संपलेच नाहीत. शिवाय शुक्रवारची प्रार्थना हिच्याच घरी, संडे स्कूल हिच्याकडे, कोणाच्या मुलीचं लग्न असलं की भाज्या निवडायला ही, आणि दर दोन महिन्यांनी दीर येणार, वहिनी पाच हजार द्या, पुढच्या महिन्यात देतो. दीर पितो. ही देते. नवऱ्याला सांगत नाही.

आणि राग. भाजी चिरताना राग, झाकण लावताना राग. एकदा म्हणे डब्याची कडी बसत नव्हती तर इतकं जोरात आपटलं की वरची पुडी चेपली, मग ओट्याशीच उभं राहून रडली आणि प्रार्थना केली की प्रभू हा राग काढून टाक. राग काही जाईना. झोप नाही, ॲसिडिटी, डोकेदुखी, डॉक्टरांच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. तिचा हिशोब सरळ होता, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, असं बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात लिहिलंय, माझ्यात ती नाही, म्हणजे माझ्या विश्वासातच खोट आहे.

इथे मी एक चूक केली ती सांगायला हवी. मी दुसऱ्याच भेटीत तिला नाही म्हणायला शिका, आठवड्यात दोन दिवस डबा बंद ठेवा असं सांगितलं. अशा थकव्याला बर्नआउट म्हणतात, हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर होते ते मोफत दवाखान्यात सेवा देणारे लोक, म्हणजे चांगल्या मनाने राबणारेच यात आधी जळतात, हे सगळं मी तिला समजावलं. सगळं खरंच होतं. पण ती पुढच्या आठवड्यात आली ती अजून खचून, दोन दिवस डबा दिला नाही आणि ते दोन्ही दिवस तिला स्वतःला घास उतरला नाही. म्हणाली मॅडम, आमचे आजोबा सांगायचे आपण शरणपूरची माणसं, शरण आलेल्याला इथे जागा मिळायची, आणि मी एका म्हातारीला उपाशी ठेवलं.

तेव्हा मला कळलं की हिच्याशी हिच्या विश्वासाच्या आतूनच बोलायला पाहिजे, बाहेरून आणलेला सल्ला हिला पापच वाटणार.

म्हणून मी तिच्या आजोबांचंच बोट धरलं. म्हटलं ताई, शरणपूरची गोष्ट पूर्ण आठवा ना. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी ही वस्ती उभी केली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1873 मध्ये तिथेच वारले तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत चालत आणणाऱ्यांमध्ये तो होता, 1874 मध्ये शवासोबत इंग्लंडलाही गेला. आता सांगा, महिनोन्महिने ते शव वाहिलं ते एकट्याने? आणि शरणपूर हे काय एका बाईचं स्वयंपाकघर होतं? शिकवणारा वेगळा, हत्यार हातात देणारा वेगळा, रांधणारा वेगळा. ती काही बोलली नाही पण डबा पहिल्यांदा टेबलावर ठेवला.

मग बायबलमधला लूकचा दहावा अध्याय काढला, चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे याजक आणि लेवी हे मंदिरातले लोक बघून पुढे गेले तरी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणाऱ्या परक्याची गोष्ट. हा तर मी संडे स्कूलला दरवर्षी चित्रं लावून शिकवते, म्हणाली. मी म्हटलं मग सांगा, दुसऱ्या दिवशी शोमरोनी काय करतो? ती गप्प. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता, लुटलेला माणूस, याजक, लेवी, तेल आणि द्राक्षारस, स्वतःच्या जनावरावर बसवणं, सगळं तोंडपाठ, पण दुसरा दिवस तिने कधी शिकवलाच नव्हता. तिने वचन स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेवाल्याला दोन दिनार देतो, दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी, काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेने निघतो. त्या जखमी माणसाच्या उशाशी तो आठ महिने बसत नाही. त्याला सोडूनही देत नाही. "म्हणजे त्याने दुसऱ्याला कामाला लावलं," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी दिवस विसरले नाही.

दिराचं प्रकरण त्या मानाने लवकर मिटलं. बायबलमधल्याच गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असंही आहे आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही आहे, मूळ ग्रीकमध्ये ते दोन शब्द वेगळे आहेत, एक पेलवणार नाही असं वजन आणि एक ज्याची त्याची पाठीवरची पिशवी. दारूचे पैसे ही दिराची पिशवी. नवऱ्याला सांगायला तिला तीन आठवडे लागले, तो चिडला, मग दोघांनी मिळून दिराला सांगितलं की पैसे नाही, व्यसनमुक्तीला यायचं असेल तर आम्ही सोबत येतो. तो अजून आलेला नाही. त्याचं दुःख तिला आहे, पण पाच हजार देऊन ते कमी होत नव्हतंच.

आजींचं अवघड होतं, कारण तिथे काहीतरी जुळत नव्हतं. मी तिला विचारलं, आजींना डब्यातलं काय आवडतं? माहीत नाही. किती खातात? माहीत नाही, डबा धुतलेला परत मिळतो. तुम्ही गेल्यावर काय बोलता? सलाम मावशी, घ्या, येते, उद्या येईन. बस? बस. आठ महिने. मला तिचं वाईट वाटलं आणि आजींचंही.

म्हटलं या आठवड्यात डबा बंद करायचा नाही, कमी करायचा नाही, फक्त एक करायचं, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं असं प्रभू म्हणाला ना, तसं मावशींना एक खरं विचारायचं आणि एक खरं सांगायचं. ती घाबरली. आम्ही समोर रिकामी खुर्ची ठेवून प्रॅक्टिस केली, तीनदा तिचा आवाजच फुटेना, "मावशी मी दमलेय" एवढं वाक्य ती पूर्ण करू शकत नव्हती, दमले म्हणणं म्हणजे सेवा नाकारणं असं तिच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. चौथ्यांदा जमलं.

पुढच्या भेटीत ती आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. तिने विचारलं होतं, मावशी, डबा आवडतो का, खरं सांगा. आजी आधी हो हो गं म्हणाल्या, मग तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाई, मला दात कुठेत, पोळी मला चावत नाही आणि रात्रीचं इतकं पचत पण नाही. खालच्या वॉचमनचं पोरगं येतं, त्याला देते. तू इतक्या लांबून घेऊन येतेस, तुला नाही कसं म्हणू, प्रभू काय म्हणेल मला."

प्रभू काय म्हणेल. हे वाक्य हिने माझ्या खोलीत किती वेळा म्हटलं असेल.

आणि मग आजींनी जे सांगितलं ते सांगताना ती थांबली, पाणी प्यायली. आजी म्हणाल्या होत्या, "तू कधी हेल्मेटसुद्धा काढत नाहीस गं. मला तुझा चेहरा रविवारीच दिसतो, तोही लांबून."

तिला आधी प्रचंड राग आला होता, आठ महिने मी ओट्याशी मेले आणि जेवलं कोण तर वॉचमनचं पोरगं. तो राग तिने दाबला नाही हे मला फार बरं वाटलं. तिने आजींना सांगितलं, मावशी मला राग आलाय, मी पण खूप दमलेय, तुम्ही आधी सांगायचं ना. आजींनी तिचा हात धरला आणि दोघी रडल्या. अशी गाठ पडलेल्या ठिकाणी प्रेम वाटत का नाही असं विचारण्यात अर्थच नसतो, ते वाटायला समोर माणूस दिसावा लागतो, आणि इथे एकीच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि दुसरी खोटं हो म्हणत होती. दोघीही एकमेकींना दुखवायचं नाही म्हणूनच तसं करत होत्या. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत, मंडळ्यांत हेच चाललेलं असतं, आणि आपण त्यालाच प्रीती म्हणत राहतो.

डबा बंद झाला. पण मग त्या पोराचं काय, हा प्रश्न तिनेच काढला, मी नाही. दहा वर्षांचं पोर, आई नाही, बाप रात्रपाळीला. तिने महिला मंडळात उभं राहून सांगितलं की मी एकटीने होत नाही, मला मदत पाहिजे. अगोदर शांतता, एकीने तर आजच्या काळात कोणाकोणाचं करायचं असंही म्हटलं, ते तिला लागलं. पण तिघी तयार झाल्या. आता आठवड्याचे चार दिवस त्या तिघींमध्ये वाटलेत, दोन दिवस आजी स्वतःच छोट्या कुकरात मऊ खिचडी लावतात, स्वतःला आणि त्या पोराला, तांदूळ आणि मुगाची डाळ ही महिन्याची भरून देते. शुक्रवारची प्रार्थना आता घरं बदलून होते.

ही जाते फक्त गुरुवारी, रिकाम्या हाताने. पहिल्या गुरुवारी तिला फार अवघडल्यासारखं झालं, हातात काही नाही तर दार कशाला वाजवू असं. आजींना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ही स्तोत्र वाचून दाखवते, पोरगं खाली फरशीवर बसून गणितं सोडवतं, अडलं की हिलाच विचारतं.

परवा शेवटच्या भेटीला आली तेव्हा मी विचारलं, राग? म्हणाली येतो ना, संडे स्कूलला अजून कोणी मदतीला येत नाही, त्याचा येतो. पण आता बोलते मी. मग पर्समध्ये चावी शोधायला लागली, उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरून म्हणाली, मॅडम, मावशींना चहात आलं आवडत नाही, वेलची लागते, हे मला आत्ता कळलं.