कोरियात कंबर धरली तर हानुइवॉनला जावं का?

शेजारच्या आजी हमखास सांगतात, 'हानुइवॉनला जा.' हानुइवॉन म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाचा दवाखाना. जायला हरकत नाही. तिथला हानुइसा, म्हणजे वैद्य, सहा वर्षं शिकून, परवाना परीक्षा देऊन बसलेला असतो; ही पदवी १९५१ च्या कायद्याने मान्य झालेली.

बाकांवर जास्त करून साठीपुढच्या बायका दिसतील, गुडघे नि कंबर धरून. जुन्या विश्वासाइतकंच त्याचं कारण बिलात आहे. सुया (छिम), शेक (त्तुम) आणि कपिंग, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ओढणं (बुहांग), १९८७ पासून राष्ट्रीय विम्यात आहेत. बिल १५,००० वॉनच्या आत असेल, तर पासष्टीपुढच्यांना फक्त १,५०० भरावे लागतात. बाकीच्यांना ३० टक्के. हातांनी सांधे-मणके बसवण्याची छुना २०१९ मध्ये विम्यात आली, तीही वर्षाला २० वेळाच. काढा मात्र ठरावीक आजार सोडले तर पूर्ण खिशातून. त्यामुळे काढ्याची गिऱ्हाइकं वेगळी: बाळंतिणी, परीक्षेची मुलं, वजन उतरवायला आलेल्या तरुणी.

तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हा विमा नाही, पासष्टी उलटली तरी. आधी फोन करून पूर्ण दर विचारा आणि त्यांच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते सुया आणि बुहांगच्या आधीच सांगा. बुहांगमध्ये कधीकधी टोचून रक्त काढतात.

काढ्यात कामछो बहुतेक असतोच. तो म्हणजे आपलं ज्येष्ठमध. खोकल्याला चघळतो म्हणून निर्धास्त राहू नका: महिनाभर रोज पोटात गेलं की बीपी चढू शकतं, पोटॅशियम उतरू शकतं, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच. वजनाच्या काढ्यात माह्वांग नावाची वनस्पती घालतात; त्यातल्या एफेड्रिनने छाती धडधडते, झोप उडते. शाकाहारी घरांनी आणखी दोन नावं पाठ करावीत: नोग्योंग म्हणजे हरणाचं कोवळं शिंग, आग्यो म्हणजे गाढवाच्या कातड्याचा डिंक. 'नोग्योंग, आग्यो प्पे जुसेयो' म्हटलं की वगळून देतात. पण हे काढा उकळायला टाकण्याआधी सांगायचं. पाकिटं बनल्यावर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

बोंगछिम म्हणजे मधमाशीच्या विषाची सुई. तिच्या ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो. आधी थोड्या मात्रेची चाचणी आणि नंतर अर्धा तास तिथेच बसणं, एवढं होणार नसेल तर घेऊच नये.

तोंड एका बाजूला वाकडं झालं की कोरियन लोक सवयीने हानुइवॉन गाठतात. तुम्ही आधी रुग्णवाहिकेसाठी ११९ फिरवा. तो पक्षाघात नाही हे रुग्णालयात ठरू द्या. चेहऱ्याची नस सुजली असेल तर स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. सुया त्यानंतर.