आदिवासी समाजाविषयी शिकवायला मोफत आणि खुलं साहित्य कुठे मिळेल?

परभणीच्या शाळेत आठवी-नववीला शिकवता, गोंड, कोलाम, आंध यांच्याविषयी पाठ्यपुस्तकापलीकडचं काही द्यायचंय आणि खर्चाची सोय नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात पंधरा वर्षं मास्तरकी करतोय, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

फुकट दिसतं ते सगळं खुलं नसतं, हे आधी लक्षात घ्या. खुलं म्हणजे छापायला, वाटायला, जमलंच तर बदलायलाही लेखी परवाना असलेलं. निजामाच्या काळात किनवट आदिलाबाद (आता तेलंगणात) जिल्ह्यात होतं, 1956 ला नांदेडात आलं. त्या आदिलाबादच्या राजगोंडांवर हायमेनडॉर्फ या अभ्यासकाचं 1948 चं जाडजूड पुस्तक आहे. पण लेखक वारले 1995 ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) राहतो, म्हणजे 2055 संपेपर्यंत. तेव्हा कुठे स्कॅन सापडलं तर स्वतः वाचा, पण झेरॉक्स काढून वाटू नका.

बिनधास्त वापरता येतं ते रसेल आणि हिरालाल यांचं इंग्रजांच्या काळच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं 1916 चं काम. चार भाग, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात आहेत. भाषा मात्र साहेबी, माणसांना वर-खाली लावून ठेवणारी. त्यातली आंध समाजावरची नोंद मी एकदा मराठी करून वर्गात सरळ वाचून दाखवली. मागच्या बाकावरचं एक लेकरू म्हणालं, ‘सर, यांनी आमच्या आज्याला इचारलं होतं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून वहीचं पान मधोमध दुमडायला सांगतो. डावीकडे ‘पुस्तक म्हणतं’, उजवीकडे ‘आजी म्हणते’. मुलं आठवडाभर घरी विचारतात, लिहून आणतात. सणवार, पिकं, लग्नाच्या रीती, यात डावी-उजवी बाजू कुठे जुळते, कुठे साफ उलटी निघते, त्यावर दोन तास सहज जातात. एका पोरीच्या उजव्या रकान्यात देवाविषयीच्या प्रश्नापुढे एवढंच होतं : ‘आजी म्हणली, हे सांगायचं नसतं.’ मी तिला पूर्ण गुण दिले.

काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, हे परवान्याच्या कागदात कुठेच येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसाठी म्हणून ‘मुकुर्तू’ नावाची मोफत संगणकप्रणाली उभी राहिली. त्यात कोणता फोटो कुणी पाहायचा, कोणता फक्त घरच्यांनी, हे समाजच ठरवतो. आपण दंडारीच्या नाचाचं शूटिंग मोबाइलवर करून पाच मिनिटांत जगभर सोडतो! मुलांकडून रेकॉर्डिंग करून घेणार असाल तर आधी घरच्या मोठ्यांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट. तिथे गोंडीतही पुस्तकं आहेत आणि मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय देऊन ती बदलायची, छापायची मुभा आहे. आमच्या लेकरांनी वाचली तेव्हा काही शब्दांना हसली, ‘आमी असं नाही म्हणत.’ छत्तीसगडची गोंडी आणि आमच्याकडची गोंडी यांत फरक पडतोच. मग त्यांनी आपले शब्द घालून गोष्ट पुन्हा लिहिली. खुल्या परवान्याचा उपयोग मला त्या दिवशी नीट कळला.

लिपीचा एक तास ठेवाच. आदिलाबादकडच्या गुंजाला गावी जुन्या हस्तलिखितांत गोंडीची लिपी सापडली. ती 2018 ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिहिता येणाऱ्या लिप्यांच्या यादीत आली आणि तिचा ‘नोटो’ नावाचा फॉन्ट मोफत उतरवता येतो. आपलं नाव त्या लिपीत काढताना पोरं मान वर करत नाहीत. बाकी, कोलामी ही गोंडीची बोली नाही, वेगळी भाषा आहे आणि आंधांची बोली मराठीच. या दोन चुका मी मास्तरांच्याच तोंडून ऐकल्यात.

पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर आजच्या आदिवासी जगण्याचं मराठीत भरपूर आहे. तिथला मजकूर मात्र जसाच्या तसा वापरायचा, कापाकापी करायची नाही आणि पैसे घेऊन विकायचा नाही. सरकारच्या दीक्षा ॲपवर पाठ्यपुस्तकं मिळतील, या विषयावर फार काही हाती लागत नाही.

हिंगोली तुमच्या शेजारीच, तेव्हा एखादं आंध लेकरू वर्गात असायचंच. त्याला उभं करून ‘सांग रे तुमच्यात काय असतं’ असं मात्र विचारू नका. दुमडलेलं पान सगळ्या वर्गाला द्या. मराठ्याच्या, माळ्याच्या, मोमिनाच्या पोरानंही आपल्या आजीला विचारून यावं.

गुटेनबर्गवर शोधताना आंध दुसऱ्या भागात आहेत, गोंड आणि कोलाम तिसऱ्यात. इंग्रजी जुनी आहे, भाषांतराला एक रविवार हाताशी ठेवा.