शंका-समाधान : पेट्रोलमध्ये घालायचे क्लीनर आणि तुंबलेला जेट

प्रश्न : आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांना बागेतून आणि सड्यावरून फिरवण्यासाठी आम्ही ११० सीसीची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी छोटी चारचाकी, ठेवली आहे. पावसाळ्याचे चार महिने ती पडवीत झाकून ठेवली होती. दसऱ्याला बाहेर काढली, तर चोक ओढल्याशिवाय ती चालू होत नाही, चोक बंद केला की लगेच बंद पडते आणि ॲक्सिलरेटर एकदम दिला तर अडखळते. दुकानदाराने पेट्रोलमध्ये घालायच्या क्लीनरची ३०० मिलीलीटरची बाटली दिली असून तिने इंजिन आतून स्वच्छ होईल असे सांगितले आहे. गाडीची टाकी ४ लीटरची आहे. बाटली सगळी ओतावी का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : सगळी ओतू नये. आधी बाटलीवरचा मजकूर वाचावा. अशा बाटल्या बहुधा मोटारीच्या टाकीचा हिशेब धरून भरलेल्या असतात. समजा, तिच्यावर ३०० मिलीलीटर क्लीनर ६० लीटर पेट्रोलसाठी असे लिहिले असेल, तर एका लीटरला ५ मिलीलीटर आणि आपल्या ४ लीटरच्या टाकीला अवघे २० मिलीलीटर पुरेसे आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने हे माप नेमके घेता येते. प्रमाण वाढवल्याने सफाई वाढत नाही; उलट न जळालेला अंश प्लगवर बसतो आणि पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो.

परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे पाहता २० मिलीलीटरनेही काम होईल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण समजून घेणे बाटलीपेक्षा महत्त्वाचे आहे. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालत असताना ॲक्सिलरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पेट्रोल मुख्यतः पायलट जेट नावाच्या छोट्या पितळी जेटमधून येते. त्याचे भोक अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान असते. ते तुंबले की स्लोवर इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. चोक ओढल्यावर हवा अडते, ओढ वाढते आणि इतर वाटांनी पेट्रोल खेचले जाते, म्हणून तेवढ्यापुरती गाडी चालते. आता विचार करावा : क्लीनर पेट्रोलमधून प्रवास करते आणि जिथून पेट्रोल वाहत नाही तिथून क्लीनरही वाहत नाही. अर्धवट तुंबलेला जेट क्लीनरने मोकळा होऊ शकतो, पूर्ण मिटलेला जेट हातानेच साफ करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आत साचलेले सर्वच काही एका जातीचे नसते. पेट्रोल हवेच्या संपर्कात राहिले की त्यातील काही घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट, पिवळसर तपकिरी राळ तयार होते. पॉलिइथरअमाइन असलेले चांगले क्लीनर अशी राळ आणि झडपांवरचा काजळीचा थर सोडवते. आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! त्या ओलाव्याने कार्ब्युरेटरच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत पांढरी भुकटी आणि पितळी जेटवर हिरवट थर धरतो. हा धातूचा गंज आहे, राळ नव्हे, आणि पेट्रोलमध्ये घातलेले क्लीनर तो विरघळवत नाही.

म्हणून प्रथम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीखालचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीखालचा) स्क्रू सैल करावा आणि आतले पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. ते गडद झाले असेल आणि त्याला पेट्रोलचा ताजा वास न येता जुन्या रंगासारखा आंबट, उग्र वास येत असेल, तर टाकीतले पेट्रोलही काढून टाकावे. भांड्याच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा भुकटी दिसली, तर बाटली बाजूला ठेवून कार्ब्युरेटर खोलावा. काढलेले पेट्रोल विहिरीच्या आसपास किंवा गटारात कदापि ओतू नये. घट्ट झाकणाच्या डब्यातून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

खोलताना पायलट स्क्रू (स्लोवरचे मिश्रण कमी-जास्त करणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो किती फेऱ्यांत आत टेकतो हे मोजून लिहून ठेवावे आणि जोडताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर ठेवावा. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारण्यापूर्वी रबराच्या ओ-रिंग आणि असल्यास डायफ्रॅम काढून ठेवावा, नाहीतर रबर फुगते. जेट काही वेळ भिजवून हवेच्या दाबाने फुंकावा. उमेदवारीच्या काळात मी घाईने ब्रेकच्या केबलची तार एका जेटमध्ये घातली होती. पितळ मऊ असते. भोक मोठे झाले, ती गाडी त्यानंतर काळा धूर ओकू लागली आणि मालकाला नवा जेट भरून द्यावा लागला. अगदीच गरज पडली तर मासे धरायच्या गळाची बारीक तंगूस वापरावी, तिने पितळ कोरले जात नाही. शेवटी जेट उजेडासमोर धरावा. आरपार गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपक्याची एक कड जरी खाल्लेली दिसली, तरी काम अपुरे आहे.

हे झाल्यावर बाटलीची पाळी येते. ताज्या पेट्रोलात मोजून २० मिलीलीटर घालावे, दहा मिनिटे इंजिन चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचू द्यावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ती टाकी चढावर, भार देऊन संपवावी, कारण नुसत्या स्लोवर चालवून इंजिनाच्या आतला थर सुटत नाही. त्यानंतर इंजिन ऑइल बदलावे. एवढ्या लहान इंजिनात ऑइल जेमतेम लीटरभर असते, त्यामुळे त्यात थोडेसे मिसळलेलेही जाणवते.

पुढच्या मे महिन्यात मात्र वेगळी बाटली लागेल. साठवणीसाठी मिळणारे स्टॅबिलायझर हे क्लीनर नव्हे; ते पेट्रोल जुने होण्याचा वेग कमी करते, म्हणून ते ताज्या पेट्रोलातच घालायचे असते. टाकी लोखंडी असेल तर स्टॅबिलायझर घालून जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवा कमी राहून गंज धरत नाही. प्लास्टिकची असेल तर रिकामी ठेवलेली उत्तम. दोन्ही बाबतींत कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करावी. पाच मिनिटांच्या या कामाने आपली दसऱ्याची कटकट वाचली असती.

प्रश्न : पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या किंवा थोडे रॉकेल टाकल्यास इंजिन साफ होते, असे आमच्याकडचे जुने मिस्त्री सांगतात. ते खरे आहे का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : नाही. डांबराच्या, म्हणजे नॅप्थलीनच्या, गोळ्या पेट्रोलात विरघळतात हे खरे, पण पेट्रोल उडून गेले की नॅप्थलीनचे स्फटिक मागे राहतात, तेही नेमके फ्लोटच्या वाटीत आणि जेटमध्ये. रॉकेलाचा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) फार कमी असल्याने चढावर इंजिन ठोके देऊ लागते, शिवाय काजळी वाढते. थिनर आणि ॲसिटोनही वापरू नयेत. ते रबरी नळ्या आणि टाकीचा रंग खातात. मिस्त्रींच्या हाताला मी नेहमीच मान देतो, परंतु या उपायांत सफाई कुठेच नाही.

प्रश्न : माझी एटीव्ही काळा धूर सोडते आणि चढ चढत नाही. क्लीनरच्या दोन बाटल्या झाल्या, फरक नाही. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : तिसरी बाटली आणू नये. आधी हवेचा फिल्टर काढून पाहावा. आपल्याकडच्या लाल मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. ती फोमच्या फिल्टरमध्ये भरली की हवा कमी पडते, त्या मानाने पेट्रोल जास्त होते आणि काळा धूर येतो. फोम साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये. सावलीत पूर्ण वाळवून त्याला फिल्टरचे तेल लावावे आणि जास्तीचे दाबून काढावे. फिल्टर बसवण्यापूर्वी त्याच्या मागच्या रबरी नळीत आतून बोट फिरवावे. बोटाला लाल धूळ लागली, तर ती फिल्टर चुकवून आत गेलेली आहे. मग नळीची भेग किंवा सैल क्लिप शोधून ती दुरुस्त होईपर्यंत गाडी चालू करू नये.