पिस्तूल किती टिकतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बंदूक दुरुस्तीच्या परवान्यावर पोट असल्यामुळे एक प्रश्न मला सतत येतो: कुठलं पिस्तूल सगळ्यात जास्त टिकतं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त माझी सही हवी असते. या वेळी अशाच काही पत्रांना एकत्र उत्तरं देतो आहे.

मी ह्यूस्टनला राहतो. ग्लॉक १७, बेरेटा ९२ आणि कोल्ट १९११ यांपैकी पन्नास हजार गोळ्या कोणतं पिस्तूल काढेल? व्हिडिओंत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तिन्ही काढतील, पण एकही जसंच्या तसं काढणार नाही. वाटेत स्प्रिंगा आणि छोटे भाग बदलावेच लागतील.

कोल्ट १९११ ची परीक्षा अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये घेतली. सहा हजार फैरी झाडल्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवून गार केलं, आणि ते एकदाही अडलं नाही. त्याचा आराखडा करणाऱ्या जॉन ब्राउनिंगचं हे काम आजही थक्क करतं. पण ते पोलादी आणि नीट जुळवलेलं पिस्तूल होतं. आज त्याच नावाने पन्नास कारखाने माल काढतात आणि सगळ्यांचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर खेचणारा भाग) सारखा नसतो.

बेरेटा अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये घेतलं. पुढच्या काही वर्षांत मोजक्या पिस्तुलांच्या स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) तडकल्या आणि मागचा तुकडा नेम धरणाऱ्याच्या तोंडावर आला. त्यानंतर कंपनीने घोड्याची पिन मोठ्या डोक्याची केली, म्हणजे स्लाइड तुटलीच तरी मागे सुटून येऊ नये. या पिस्तुलात झिजतो तो लॉकिंग ब्लॉक, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवणारा तुकडा. तो ठरावीक काळाने बदलायचा भाग आहे, हे विकणारा सांगत नाही.

ग्लॉकची फ्रेम पॉलिमरची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची, म्हणून १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते घेतलं तेव्हा लोक नाकं मुरडत होते. ती फ्रेम टिकाऊ ठरली. गंजाला तोंड देण्यात ते तिघांत पुढे, आणि त्याचे सुटे भाग स्वस्त.

रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी, साधारण तीन ते पाच हजार गोळ्यांनी बदला. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. पिस्तूल संपेपर्यंत तुमच्या काडतुसांवर त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेलेले असतील, तेव्हा पन्नास हजारांची चिंता सोडा. हातात नीट बसेल ते घ्या, आणि घेण्याआधी तिथल्या परवानाधारक गनस्मिथला दाखवा. व्हिडिओवाल्यांना बहुतेक वेळा पिस्तूल फुकट मिळालेलं असतं.

मॅगझीन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का?

चांगल्या स्प्रिंगची नाही. ती दबून राहण्यापेक्षा सतत दबून-सुटून थकते.

सातारा. नवं ‘अशनी’ घ्यावं की जुनं इम्पोर्टेड .३२? डीलर म्हणतो जुन्या जर्मन लोखंडाला तोड नाही.

डीलरला जुन्या जर्मन लोखंडावर कमिशन किती मिळतं, ते आधी विचारा.

सामान्य नागरिकाला ९ मिमी मिळत नाही, त्यामुळे आपल्याकडे पिस्तूल म्हणजे मुख्यतः .३२ बोरचं. आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. म्हणून बाजारात फिरणारी कोल्ट १९०३, एफएन १९१० आणि १९२२, वॉल्थर पीपी ही पिस्तुलं चाळीस ते शंभर वर्षांची असतात आणि लाखांत विकली जातात. ती किंमत टंचाईची आहे. तिच्यावरून टिकाऊपणा ठरवू नका.

ही सगळी ब्लोबॅक पद्धतीची पिस्तुलं. यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. गोळी सुटताना मागे येणारी स्लाइड थोपवायला स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग, एवढंच असतं. ती स्प्रिंग सत्तर वर्षांची आणि मरगळलेली असेल तर प्रत्येक गोळीला स्लाइड फ्रेमवर आदळते. ते बाहेरून दिसत नाही. एक दिवस फ्रेमला केसाएवढी भेग दिसते आणि ते पिस्तूल माझ्या लेखी संपतं. जर्मन लोखंड चांगलं होतं हे खरं, पण १९४४-४५ मधल्या घाईच्या मालाचं फिनिशिंग पाहिलं तर तोही अभिमान जरा कमी होतो.

आयुध निर्माणीत बनणारं ‘अशनी’ देखणं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या नगांत एक नग आणि दुसरा नग यांत फरक दिसतो, म्हणून डबा उघडून, स्लाइड मागेपुढे करून, दोन्ही मॅगझीन लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. पण त्याचे भाग मिळू शकतात. कोल्टची फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आपटणारी) तुटली तर कोण देणार? कोपऱ्यावरचा लेथवाला? परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. भाग मागवताना हेही लक्षात ठेवा की २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. जुन्या पत्त्यावर पत्र धाडून सहा महिने वाट पाहणारे अजून भेटतात.

तुमच्यासाठी नवं बरं. जुनं घ्यायचंच असेल तर सौदा ठरवण्याआधी परवानाधारक आर्मररकडून तपासून घ्या, आणि हस्तांतराचं परवाना शाखेत विचारा.

नाशिक. एकाकडे ‘फक्त पन्नास गोळ्या झाडलेलं’ निकेल पॉलिशचं वेब्ली अँड स्कॉट आहे. आजोबांचं आहे म्हणतो. घेऊ का?

ही पन्नास गोळ्यांची गोष्ट इतक्या पिस्तुलांबद्दल ऐकली आहे की सगळ्या आजोबांनी मिळून ठरवलं होतं की काय अशी शंका येते.

पिस्तुलाला मीटर नसतो. झीज बघायची ती नळीतले आटे, स्लाइडच्या खाचा, फायरिंग पिनचं भोक आणि एक्स्ट्रॅक्टरची नखी यांवर. निकेल नवं असेल तर हात लावू नका. मुलामा चढवण्याआधी गंजाचे खड्डे घासून काढलेले असतात, त्यात कडा गोल होतात आणि अंकही पुसट होतात. अनुक्रमांक अर्धवट वाचता येत असेल तर ते पिस्तूल विकत घेणं तर सोडाच, घरातही आणू नका. अंक खोडलेलं शस्त्र बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. मुलाम्याखाली गंज उरलाच असेल तर तो आत पसरत राहतो आणि पाच पावसाळ्यांनी पापुद्रे सुटतात.

‘ट्रिगर स्मूथ करून देतो’ म्हणणाऱ्याकडून करून घेऊ?

नाही.

रत्नागिरी. वडिलांचं पिस्तूल बँकेच्या लॉकरमध्ये, चामडी होल्स्टरमध्ये, तेल लावून ठेवलंय. वर्षानुवर्षं झाडलेलं नाही, म्हणजे नव्यासारखंच असणार ना?

ह्याच पत्राची भीती वाटते मला. टिकाऊपणाची सगळी चर्चा गोळ्यांच्या हिशोबाने चालते आणि आपल्याकडचा परवानाधारक आयुष्यभरात शंभर गोळ्याही झाडत नाही. आपल्याकडे पिस्तूल झिजत नाही, गंजतं. तेही लॉकरमध्ये.

चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात. शिवाय ते हवेतली ओल धरून ठेवतं. कोकणातल्या पावसाळ्यात होल्स्टरमधलं पिस्तूल म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरी. होल्स्टर बाळगण्यासाठी असतं, साठवणीसाठी नाही. तेल लावलं म्हणता, पण केव्हा? पातळ तेल ओघळून खाली जमतं, उरलेलं वाळून चिकट होतं, आणि त्या चिकटाने फायरिंग पिन अडकते. मग चाप ओढला तरी काडतूस पेटत नाही, किंवा पिन पुढेच राहून स्लाइड बंद होताना गोळी सुटते. दुसरं अधिक वाईट.

मुठीच्या फळ्यांखाली बघा. घामाचं मीठ तिथे जमतं, आणि बाहेरून चकचकीत पिस्तूल तिथे खाल्लेलं असतं.

वडिलांनी जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर आणखी एक. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं मीठ नळीत बसतं, ओल खेचतं आणि आटे पोखरतं. तेलाने मीठ विरघळत नाही. म्हणून जुने लोक आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल, असं करायचे. ‘तेल लावलं होतं हो’ असं म्हणत लोक काळवंडलेली नळी माझ्यापुढे ठेवतात.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेल्या शस्त्रांचंही तेच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ज्यांना शस्त्र जमा करावं लागलं, त्यांच्यातले अनेक जण ते परत आणून तसंच कपाटात टाकून मोकळे झाले. परत मिळालं त्याच आठवड्यात उघडून पुसायला हवं होतं.

आता काय करायचं? आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. हा क्रम उलटा केला की मॅगझीनमधली गोळी चेंबरमध्ये जाते, अपघात तिथेच होतात. झाडून बघण्याच्या फंदात पडू नका. जुन्या स्प्रिंगा, जुनी काडतुसं आणि न तपासलेली नळी एकत्र आली की काय होईल सांगता येत नाही. पिस्तूल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि सगळ्या स्प्रिंगा बदलायला सांगा. पुढे ते सुती कापडात किंवा गंजरोधक कागदात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. दर तीन महिन्यांनी उघडून पुसा.

आणि पिस्तूल वडिलांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. वडील हयात नसतील तर परवाना शाखेत लगेच कळवा. ते तुमच्या ताब्यात राहणं कायद्यात बसत नाही. गंजाआधी हे काम.

कोल्हापूर. मुलगी २५ मीटर पिस्तूलचा सराव करते, नेमबाज राही सरनोबतांमुळे वेड लागलंय. सेकंडहँड .२२ मिळतंय. नळी झिजली असेल का? कोरडा सराव, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढणं, चालेल का?

.२२ ची शिशाची गोळी आणि तिचा दाब पाहता नळी सहसा सराव करणाऱ्यापेक्षा जास्त टिकते. ती बिघडते साफसफाईने, उघड्या लोखंडी गजाने. स्पर्धेत पात्रता फेरीच साठ गोळ्यांची आणि सराव त्याहून कितीतरी जास्त, म्हणून स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर आणि रबरी बफर असेल तर तो, हे वापराचे भाग समजा. घेण्याआधी त्या मॉडेलचे भाग भारतात कोण आणतं, ते विचारा. कोणीच आणत नसेल तर सोडून द्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऐन फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. ते एअर पिस्तूल होतं, पण सुट्या भागांची तयारी इथेही तेवढीच हवी.

कोरडा सराव पुस्तिकेत परवानगी असेल तरच करा. नसेल तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबते. प्रशिक्षकांना विचारून सरावाची नकली काडतुसं वापरा.

सोलापूर. माझ्या पिस्तुलात हल्ली रिकामं काडतूस अडकतं, तीन-चारला एकदा. परवाना नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल?

नाही. आजच रिकामं करून ठेवा, या आठवड्यात दाखवा. .३२ च्या काडतुसाला थोडी कड असते, आणि मॅगझीनमध्ये एकीमागे दुसरी अडकली की पुढची गोळी चढत नाही. ते मॅगझीन भरण्याच्या पद्धतीने सुटतं. पण रिकामं काडतूस बाहेर पडत नसेल तर दोष एक्स्ट्रॅक्टर, घाण चेंबर किंवा स्प्रिंग यांपैकी कशात तरी आहे, आणि ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. येताना परवाना, दोन्ही मॅगझीन आणि अडकलेली रिकामी काडतुसं आणा. ती फेकली असतील तर पुढची तरी जपून ठेवा.