लॅबिरिंथ: चक्रव्यूह की भुलभुलैया?

प्रश्न असा आहे: ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या ‘लॅबिरिंथ’साठी मराठीत ‘चक्रव्यूह’ लिहावं की ‘भुलभुलैया’? दोन्ही शब्द सर्रास दिसतात. कोणता वापरायचा, हे आपण कथेबद्दल बोलतोय, आकृतीबद्दल की क्रीटवरच्या क्नोसोस या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांबद्दल, यावर ठरतं.

आधी कथा. राजा मिनोसने बैलाच्या डोक्याच्या मिनोतॉरला कोंडण्यासाठी कारागीर डेडलसकडून ही वास्तू बांधून घेतली. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली त्याला बळी म्हणून पाठवाव्या लागत. अथेन्सचा राजपुत्र थेसेउस आत शिरला, त्याने मिनोतॉरला मारलं आणि राजकन्या अरिआड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या मागावर तो बाहेर आला. आत जाणं सोपं, बाहेर पडणं कठीण, म्हटल्यावर आपल्याला अभिमन्यू आठवणारच. पण चक्रव्यूह ही सैन्याची रचना. अभिमन्यूला घेरणारी माणसं होती, भिंती नव्हत्या. क्रीटच्या कथेत वाट चुकवते ती वास्तूच. शिवाय दोरा लागतो तो वाटेला फाटे असतील तरच. म्हणून कथेपुरता ‘भुलभुलैया’ चपखल. लखनौच्या बड्या इमामबाड्यामुळे तो शब्द आपल्याकडे वास्तूशी जोडला गेलेलाच आहे.

आकृतीचा मामला उलटा आहे. क्नोसोसच्या प्राचीन नाण्यांवर लॅबिरिंथ कोरलेला असतो, कधी गोल, कधी चौकोनी. त्यातल्या प्रसिद्ध सात फेऱ्यांच्या आकृतीत एकही फाटा नाही! एकच वाट वळत वळत गाभ्यात जाते. काढून बघा. मध्ये अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या चारही कोनांत एकेक काटकोन, भुजा अधिकच्या रेघांना समांतर आणि टोकं बाहेर. प्रत्येक काटकोनाच्या मोकळ्या बाजूला एक ठिपका. झाली सोळा टोकं. आता अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या लगतच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्याला, प्रत्येक कमान आधीच्या कमानीवरून. आठवी कमान खालच्या डाव्या काटकोनाच्या पायापासून निघून पूर्ण वळसा घालते आणि अधिकच्या तळाला टेकते. त्या दोन टोकांच्या मधे प्रवेश, पहिल्या कमानीखाली गाभा. बहुतेकांचं चुकतं ते ठिपक्यांपाशी: ठिपका हेही टोकच आहे हे विसरून कमान पुढे नेली, की पुढच्या सगळ्या जोड्या सरकतात आणि वाट मधेच बंद होते. फेऱ्या बाहेरून मोजल्या तर वाट तिसरी, दुसरी, पहिली, चौथी, सातवी, सहावी, पाचवी अशा क्रमाने जाते. गाभा हाताशी आला असं वाटतं न वाटतं तोच ती दूर नेते.

याच जातीची आकृती कर्नाटकात हळेबिडूच्या होयसळेश्वर मंदिरावर आहे, आणि तिथे ती अभिमन्यूचा चक्रव्यूह म्हणूनच कोरली आहे. तेव्हा आकृतीला ‘चक्रव्यूह’ म्हणायला आपल्याकडे चांगला दगडी आधार आहे.

राहिला क्नोसोसचा राजवाडा, इराक्लिओ शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर. इथे 1878 मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने पहिलं उत्खनन केलं आणि 1900 पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने मोठं काम हाती घेतलं. मधलं अंगण साधारण 50 बाय 25 मीटर, भोवती वळणावळणाचे बोळ, जिने, उजेडासाठीच्या उघड्या चौकोनी विहिरी. कथा इथूनच निघाली असावी असं वाटणं साहजिक आहे, पण तो पुरावा नव्हे. आज दिसणारे लाल खांब बऱ्याच अंशी इव्हान्सच्या काळातल्या डागडुजीचे, काँक्रीटचे. 2025 मध्ये युनेस्कोने क्रीटच्या सहा मिनोअन (तिथल्या प्राचीन संस्कृतीच्या) राजवाडा-केंद्रांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात क्नोसोस आहे. अवशेषांबद्दल लिहिताना साधं ‘राजवाडा’ लिहावं.

आता ‘लॅबिरिंथ’ या शब्दाची व्युत्पत्ती. ‘लाब्रिस’ म्हणजे दुधारी कुऱ्हाड, म्हणून लॅबिरिंथ म्हणजे ‘कुऱ्हाडींचं घर’, हे सगळीकडे छापलेलं असतं. राजवाड्याच्या दगडांवर कुऱ्हाडी कोरलेल्या आहेत हे खरं. पण प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क ‘लाब्रिस’ हा शब्द लिडियाचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला, असं सांगतो. त्यामुळे ही व्युत्पत्ती शक्यता म्हणूनच द्यावी. ‘-इंथोस’ हे शेपूट मात्र ग्रीकपूर्व भाषेतलं मानतात. कोरिंथोस, झाकिंथोस ही गावा-बेटांची नावं त्याच घराण्यातली.

1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही प्राचीन ग्रीकची लिपी उलगडल्यावर क्नोसोसच्या एका मातीच्या पाटीवर ही नोंद वाचता आली: सर्व देवांना मध, एक घडा, ‘दापुरितो’च्या ‘पोत्निया’ला मध, एक घडा. ‘दापुरितो’ म्हणजे लॅबिरिंथ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘पोत्निया’ म्हणजे स्वामिनी, आणि हा शब्द संस्कृत ‘पत्नी’चा सख्खा भाऊबंद आहे.