काळ्या गाडीवरची गोल ओरखड्यांची जाळी घालवायला कोणतं पॉलिश घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: काळी होंडा, चार वर्षांची. मागचा बंपर रिपेंट झालाय. उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसते. १५ एमएमची डीए मशीन (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता थोडा हलवणारं पॉलिशिंग मशीन) घेऊन झाली आहे आणि दुकानदार कंपाउंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स असा चार बाटल्यांचा सेट गळ्यात मारतोय. यातलं नेमकं काय घ्यायचं?

मी पुण्यात कार डिटेलिंगचंच काम करतो. सरळ सांगतो, एक फिनिशिंग पॉलिश घ्या आणि उरलेले पैसे पॅडमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या फोमच्या चकत्यांमध्ये घाला. हेवी कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाड पॉलिश, आत्ता घेऊच नका.

का, ते समजून घ्या. तुम्हाला दिसतात ते ओरखडे काळ्या रंगात नाहीत, रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये आहेत. आणि ते गोल तर मुळीच नाहीत. पुसताना कापड जसं फिरेल तसे ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या किंवा दिव्याच्या भोवती गोल जाळी दिसते. कंपनीतून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. प्रायमर आणि रंग धरून सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे क्लिअर कोट केसाहून बारीक. पॉलिश ओरखडा बुजवत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतं. काढलेला थर परत येत नाही. गॅरेजमध्ये सणासुदीला दरवेळी जे ‘रबिंग’ करून देतात, त्यात हाच थर जातो, हे लोकांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

त्यात होंडाचा काळा रंग मऊ म्हणून आमच्या लाइनमध्ये ओळखला जातो. मऊ रंगावरचे ओरखडे लवकर निघतात, पण जाड कंपाउंडने त्याच्यावर धुरकट पापुद्रा चढल्यासारखं होतं आणि तो घालवायला पुन्हा फिनिशिंग करावं लागतं. जर्मन गाड्यांचं बरोबर उलट. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीपासून नॅनो-कणांचा क्लिअर कोट आणला. तसल्या कडक रंगावर तुमचं फिनिशिंग पॉलिश नुसतं फिरत राहील. म्हणून ‘अमुक बाटली बेस्ट’ असं कुणी तुमची गाडी न बघता सांगितलं तर त्याच्यावर जाऊ नका.

आता बाटल्यांवरचे आकडे. इथे भले भले गडबडतात. मेंझर्ना कंपनीच्या पॉलिशमध्ये आकडा जितका मोठा तितकं पॉलिश बारीक: ४०० हे हेवी कट (जास्त थर कापणारं), ३८०० सगळ्यात बारीक. कोख-केमीमध्ये नेमकं उलटं: एच९ जाड, एफ६ मधलं, एम३ बारीक. मेग्वायर्सच्या एम१०५ आणि एम२०५ मध्ये १०५ कापणारं आणि २०५ फिनिशिंगचं. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीशी लावून बघायचाच नाही. पॅडच्या रंगाचंही तेच. रूपेसचा पिवळा फोम बारीक कामाचा, तर लेक कंट्रीचा पिवळा फोम चांगला कापणारा. नुसतं ‘पिवळा पॅड द्या’ म्हणालात तर काय हातात पडेल याचा भरवसा नाही. नाव आणि काम दोन्ही सांगून मागा.

तुमच्यासाठी मी एम२०५ किंवा मेंझर्ना ३५०० च्या तोडीचं काहीतरी घेईन. दोघांत एक फरक आहे. मेंझर्नाचे कण घासता घासता बारीक होत जातात, म्हणून ते पूर्ण फिरवून संपवावं लागतं. अर्ध्यात थांबलात तर काम कच्चं राहतं. एम२०५ चे कण तसेच राहतात, त्यामुळे केव्हाही थांबून पुसून बघता येतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला मला दुसरं जास्त सोयीचं वाटतं.

सोबत फोमचे दोन-तीन पॉलिशिंग पॅड आणि तेवढेच मऊ फिनिशिंग पॅड घ्या. पॅडमध्ये निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश साठत जातं, आणि भरलेला पॅड चांगल्यातलं चांगलं पॉलिश वाया घालवतो. प्रत्येक भाग झाला की ब्रशने पॅड झाडा, दोन पॅनेल झाले की बदला.

खरा निर्णय टेस्ट स्पॉटवर होतो. गाडी धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा, बॉनेटवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखून घ्या. बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या गाडीवर पॉलिश लावताक्षणी वाळतं, त्यामुळे सकाळी लवकर, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये. आधी सगळ्यात मऊ जोडी: फिनिशिंग पॉलिश, फिनिशिंग पॅड. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असताना चौकोनात टिपून घ्या, मग स्पीड चारवर सुरू करा. हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर. एकदा आडवं, एकदा उभं, प्रत्येक वेळी निम्मा पट्टा मागच्यावर. असे चार ते सहा फेरे. बॅकिंग प्लेटवर (पॅड जिच्यावर चिकटतो ती मशीनची चकती) मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरणं थांबलं तर तुम्ही फार दाबताय किंवा मशीन तिरकी धरलीय.

मग पुसून लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्यांना झाकतं. केमिस्टकडे मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका भागात दोन भाग डिस्टिल्ड वॉटर घाला, फवारा आणि नव्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने टिपा. मग मोबाइलचा टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून मारून बघा. जाळी गेली असेल तर हीच जोडी सगळ्या गाडीला. थोडी राहिली असेल तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक. तरी राहिली, तरच मधल्या कटचं पॉलिश आणा. एकेक गोष्टच बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

नख अडकेल असा ओरखडा सोडून द्या. तो काढायला जितका थर जाईल तितका घालवण्यात शहाणपण नाही.

ग्लेझ या कामासाठी नको. ते ओरखडे बुजवतं. काही धुण्यांत उतरतं आणि जाळी पुन्हा हजर. वॅक्स किंवा सीलंट (वरून रंग जपणारा थर) मात्र शेवटी हवंच.

कडा, बॉनेटच्या बॉडी लाइन्स, दरवाज्याचे कोपरे इथे रंग पातळ असतो आणि दाब एकवटतो. तिथे टेप लावा आणि शेवटी हाताने करा.

आणि सोसायटीत सकाळी बादली-कापड घेऊन गाड्या पुसणारे येतात ना? एकच फडकं, एकच पाणी, दहा गाड्या, वर कोरडी धूळ. जाळी तिथूनच येते. त्यांना गाडी पुसू नका म्हणून सांगा, धुवायची तर पाण्याने धूळ आधी खाली जाऊ द्या. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, त्याचे पांढरे डाग फिनिशिंग पॉलिशला दाद देत नाहीत.

मागचा बंपर रिपेंट झालाय असं लिहिलंय, त्याची टेस्ट वेगळी करा. गॅरेजचा क्लिअर कोट कंपनीपेक्षा बहुतेकदा मऊ निघतो, खालचं प्लास्टिक उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि पत्र्यावर चालणारं जाडी मोजायचं मीटर तिथे काही दाखवत नाही. त्यामुळे तिथे स्पीड एक घर कमी, फेरे दोन कमी, आणि मध्ये मध्ये हात लावून बघत जा.