वाचकांचे प्रश्न : धुतल्यावर रंग का जातो?

प्रश्न : लहानपणापासून नक्षीकामाची आणि चिनीमातीच्या भांड्यांची आवड. निवृत्तीनंतर कपबश्यांवर अ‍ॅक्रिलिकने फुलं-वेली रंगवते. ओळखीच्यांनी हौसेने विकत घेतल्या, पण महिन्याभरात रंग सुटायला लागला. यातून चार पैसे मिळवायचे तर काय बदलावं? (सांगली)

उत्तर : हाताला दोष नाही, रंगाला आहे. भांड्यावरचं ग्लेझ म्हणजे काच. अ‍ॅक्रिलिक काचेत मुरत नाही, वर नुसतं चिकटून बसतं आणि घासणीपुढे हरतं. विकायचा माल भट्टीतूनच निघाला पाहिजे. तुमच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता ऑनग्लेझ रंगांचा, म्हणजे भाजलेल्या ग्लेझवर लावून पुन्हा भाजायच्या रंगांचा. या भुकटीत रंगद्रव्याबरोबर कमी तापमानाला वितळणारी काच असते, ती ग्लेझशी एकजीव होते.

मात्र सुरुवात कपांनी नको, पांढऱ्या चकचकीत भिंतीच्या टाइलने करा. सपाट असते, स्वस्त पडते, आणि घरावरच्या नावाच्या पाटीला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. टाइल स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर रंग तिथे फाटतो. भुकटी काचेवर सुरीने मिडियम तेलात (रंग कालवायच्या तेलात) घोटा, टूथपेस्टइतकी घट्ट होऊ द्या, मग टर्पेंटाइनच्या थेंबाथेंबाने कुंचल्याजोगी करा. थर पातळच हवा. जाड थर भट्टीत फुगतो, नाहीतर थंड होताना पापुद्र्यासारखा उडतो. गडद हवं असेल तर दोनदा रंगवून दोनदा भाजा.

भाजणी (थालीपिठाची नव्हे) ७८० ते ८२० अंश सेल्सिअसला. पहिले ४०० अंश तासाला १०० च्या गतीने चढवा आणि तोवर भट्टीचं भोक उघडं ठेवा, कारण तेल जळून धूर बाहेर जायला हवा. वरच्या तापमानाला दहा मिनिटं थांबा. पारा १०० च्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही. घाई केली की टाइल तडकते. रंग मंद राहून नखाने खरवडला जात असेल तर भाजणी कमी पडली. लोहाचा लाल फिका पडला तर जास्त झाली. सोन्यापासून बनलेला गुलाबी तर चुगलखोर : कमी भाजला की पिवळट-तपकिरी, जास्त भाजला की जांभळट.

बरेच दिवस पडून असलेली टाइल ओल धरते आणि पुन्हा भाजताना ग्लेझवर बारीक फोड येतात. म्हणून आदल्या दिवशी १२० अंशांवर काही तास सुकवून घ्या.

प्रश्न : पोर्तुगीज धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या टाइल करतो. निळा कुठे काळा पडतो, तर कुठे पांढरं ग्लेझच आकसून खालची माती दिसते. (म्हापसा)

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. निळा काळवंडतो तो कोबाल्ट जास्त झाल्याने. नुसता कोबाल्ट ऑक्साइड पाण्यात कालवून लावू नका. एक भागात तीन-चार भाग पारदर्शक ग्लेझची भुकटी मिसळा आणि छटा पाण्याने पातळ करत न्या. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांच्या टाइल आहेत. त्यांच्याजवळ उभे राहून नुसत्या निळ्याच्या छटांनी अंग आणि सावली कशी उभी केली आहे ते बघा. एवढा चांगला नमुना हाताशी असताना कॅटलॉग कशाला?

ग्लेझ आकसण्याची कारणं बहुधा तीन : बिस्कवर (ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या टाइलवर) धूळ, ग्लेझ मिलिमीटरपेक्षा जाड, किंवा कच्च्या ग्लेझवर कुंचला पुन्हा पुन्हा ओढल्याने सुटलेली पकड. १००० अंशांला भाजलेली बिस्क ओल्या स्पंजने पुसा, ग्लेझमध्ये पकड धरणारा सीएमसी डिंक अर्धा टक्का घाला, आणि रेघ एकाच फटक्यात ओढा. ग्लेझ भाजणी १०४० ते १०६० अंश. काही आठवड्यांनी जाळीदार भेगा दिसल्या तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आहे. त्यात सिलिका थोडी थोडी वाढवत चाचणीच्या तुकड्यांवर बघा. भुकट्या हाताळताना मास्क हवाच, आणि कार्यशाळेत केरसुणी नको, ओलं फडकं.

बाहेरच्या भिंतीसाठी हीच, कच्च्या ग्लेझवर रंगवायची पद्धत घ्या. ऑनग्लेझ घासलं जातं, हिचा रंग ग्लेझच्या आतच मुरतो.

प्रश्न : भट्टी लगेच घ्यावी का? आणि दर कसा लावायचा? (पुणे)

उत्तर : पहिल्या काही खेपा दुसऱ्याच्या भट्टीत भाड्याने भाजा. स्वतःची घेताना आधी वायरमनला विचारा : १६ अँपिअरच्या प्लगवर साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही, मोठीला वेगळी लाइन लागते.

दराचं गणित एका १० सेंटीमीटर टाइलवर मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. कोरी टाइल ३० रुपये, रंग १०, वीज ४, पॅकिंग १५, आणि २५ मिनिटांची मजुरी तासाला २०० प्रमाणे ८३. एकूण १४२. दहातली एक टाइल बिघडते असं धरून ०.९ ने भागा : १५८. त्यावर २० टक्के नफा : १९०. दुकानदार ४० टक्के ठेवत असेल तर शेल्फवर ३१६, म्हणजे ३२० लिहा. प्रदर्शनात स्वतः विकतानाही ३२० च ठेवा. तिथे १९० लावलं तर दुकानदार परत माल घेणार नाही. मजुरी न धरता ‘हौसेचं काम’ म्हणून ८० रुपयांना देणारे बरेच असतात, त्यांच्याशी स्पर्धा करू नका. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न : जेवणाच्या ताटल्या रंगवून विकल्या तर चालेल? (नाशिक)

उत्तर : ऑनग्लेझ नक्षी असेल तर अन्न टेकतं त्या भागावर नको. बऱ्याच ऑनग्लेझ रंगांत शिसं असतं, आणि चिंच-कोकमाच्या आंबटाने ते सुटू शकतं. नक्षी बाहेरून आणि काठापासून खाली ठेवा. नक्षीवर लिंबाची फोड २४ तास ठेवून रंग उतरतो का बघता येईल. उतरला तर माल बाद. नाही उतरला तरी शिसं नाही हे सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. तोपर्यंत भांड्याच्या तळाला ‘फक्त शोभेसाठी’ असं भट्टीतल्या रंगानेच लिहा. चिकटपट्टी पहिल्या धुण्यात जाते.